बाबा रिटायर झाले, पॉलिसीही रिटायर झाली!

आजचा भाग तुम्ही लोकलमध्ये ऐकत असाल, जिममध्ये ऐकत असाल, नाहीतर भांडी घासताना. विषय बघून "हे काय, म्हाताऱ्यांचं" म्हणून पुढे सरकू नका. पॉलिसी आई-बाबांची असते, पण हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर उभे आपण असतो.

माझे बाबा नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात होते. साठाव्या वर्षी रिटायर झाले. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं झालं. कंपनीची ग्रुप पॉलिसी मात्र त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपली, हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही. दोन महिन्यांनी एका रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षात आईने पर्समधून जुनं कार्ड काढलं, आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली की हे आता नुसतं प्लॅस्टिक आहे. सुदैवाने ॲसिडिटी निघाली, ईसीजी नॉर्मल आला. मला मात्र रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवसापासून शोधाशोध सुरू. आधी सरकारी योजना बघितल्या, तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. आधी ती पिवळ्या-केशरी रेशन कार्डांपुरती आणि दीड लाखांपर्यंत होती. आता पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आहे, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण उपचार यादीतले हवेत आणि हॉस्पिटल योजनेतलं हवं. म्हणून घराजवळची कोणती हॉस्पिटलं त्यात आहेत ते आधीच बघून ठेवा.

आमची आजी ७६ वर्षांची. तिच्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेलं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. वय ७० पूर्ण, आधार कार्ड हातात, बस्स. उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाखांचं कव्हर. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड मिळतं. घरात आजी-आजोबा असतील तर हे काम याच आठवड्यात करा.

पण बाबा ६० चे. सत्तरीला अजून दहा वर्षं. म्हणून खासगी पॉलिसी लागणारच होती. मी ॲप उघडलं, "सगळ्यात स्वस्त" वर टॅप केलं, आणि पैसे भरणार इतक्यात मावशी आठवली.

मावशीची पॉलिसी ३ लाखांची. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, चार दिवस ॲडमिट. पॉलिसीत रूमचं भाडं रोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपयेच मंजूर. मिळालेली रूम ६,००० ची. आम्हाला वाटलं, वरचे रोजचे ३,००० आपण भरू, चार दिवसांचे १२,०००. पण नियम असा की रूम दुप्पट महाग घेतली, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचेही पैसे निम्मेच मिळतात. ते बिल ९०,००० होतं, त्यातले ४५,००० गेले. एकूण ५७,००० रुपये मावशीच्या खिशातून, तेही कव्हर शिल्लक असताना!

त्या दिवशी मला कळलं, "किती लाखांचं कव्हर?" हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न: "डिस्चार्जच्या दिवशी आपल्या खिशातून किती जाणार?" त्यासाठी पॉलिसीच्या कागदात तीन गोष्टी शोधा. रूमच्या भाड्यावर मर्यादा आहे का? को-पे आहे का? २० टक्के को-पे म्हणजे २ लाखांच्या बिलात ४०,००० तुमचे. आणि मोतीबिंदू, गुडघा अशा उपचारांना वेगळी मर्यादा किंवा वेटिंग पिरियड आहे का?

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाबांना आठ वर्षांपासून शुगर आहे. फोनवर एजंट म्हणाला, "शुगर लिहू नका, उगाच प्रीमियम वाढेल." बाबाही म्हणाले, "जाऊ दे रे, गोळीवर तर आहे." आमचं चक्क भांडण झालं. मी म्हटलं, "बाबा, खरं लिहिलं तर फार तर थांबावं लागेल. खोटं लिहिलं तर ऐन वेळी क्लेमच नाकारतील." एप्रिल २०२४ पासून जुन्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ३ वर्षं आहे, आधी ४ होता. शेवटी बाबांनी स्वतःच्या हाताने फॉर्मवर "मधुमेह" लिहिलं. प्रीमियम वाढला, पण आता मला झोप लागते.

आम्ही काय घेतलं? रूमवर मर्यादा नसलेली ५ लाखांची साधी पॉलिसी आणि वर सुपर टॉप-अप. सुपर टॉप-अप म्हणजे वर्षभरातली बिलं मिळून ५ लाखांच्या पुढे गेली की वरचा भार तो उचलतो. एकच मोठी पॉलिसी घेण्यापेक्षा आम्हाला हे स्वस्त पडलं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय. आणि ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा, तर कंपनीला आधी इर्डाई या नियामकाशी बोलावं लागतं.

माझी चूक तुम्ही करू नका. आई-बाबांच्या रिटायरमेंटच्या दोन-तीन महिने आधीच एचआरला विचारा: ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का? कंपनी तपासून ठरवते, पण हो म्हणाली तर आधीची वर्षं वेटिंगमध्ये धरली जातात. आम्ही विचारलंच नाही, म्हणून बाबांच्या शुगरचं घड्याळ शून्यापासून सुरू झालं.

तेव्हा या रविवारी चहा झाला की आई-बाबांच्या पॉलिसीचा कागद मागा. कार्ड नव्हे, कागद. पॉलिसी कधी संपते, रूमला मर्यादा किती, आणि फॉर्मवर आजार खरे लिहिलेत का, एवढं बघा. "तुला काय करायचंय?" असं ते म्हणतील. म्हणू देत, कागद मात्र घ्या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, त्यांची आणि स्वतःची!