ओवीबद्ध ग्रंथ, एक्सएमएल आणि मोबाइल ॲप

एक्सएमएल म्हणजे मजकुरात टॅग घालून त्यातला कोणता भाग काय आहे हे यंत्राला सांगण्याची पद्धत. १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या एसजीएमएल या अवघड पद्धतीतून ती सुटसुटीत करून काढली गेली आणि १० फेब्रुवारी १९९८ रोजी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिची शिफारस प्रसिद्ध केली. अँड्रॉइडचे प्रत्येक ॲप आजही मॅनिफेस्ट नावाच्या एक्सएमएल फाइलसह फोनवर उतरते आणि पडद्यावरची मराठी वाक्ये बहुधा अशाच दुसऱ्या फाइलमधून येतात. ॲप बनवणाऱ्याला या फाइली तयार मिळतात. खरे कौशल्य लागते ते ॲपच्या विषयाची फाइल स्वतः घडवताना.

श्रीगोंद्यात अशा फाइलसाठी ग्रंथ शोधत फिरावे लागत नाही. या गावात ज्यांची समाधी आहे त्या संतकवी शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ हा सतराव्या शतकातला ओवीबद्ध ग्रंथ १८ प्रसंगांचा आहे. ग्रंथात प्रसंग, प्रसंगात ओव्या, ओवीत चरण, अशी त्याची बांधणी. एक्सएमएलला एकात एक बसणारी हीच रचना लागते. टॅगची नावेही देवनागरीत चालतात. <प्रसंग>, <ओवी>, <चरण> असे लिहिले तरी फाइल नियमात बसते. जगभर ग्रंथ-संपादनासाठी टीईआय ही एक्सएमएलवर आधारलेली टॅगव्यवस्था वापरली जाते. तिच्यात काव्याच्या कडव्याला आणि ओळीला स्वतंत्र टॅग आहेत, पाठभेद नोंदवायची सोय आहे. दुसऱ्या ग्रंथालयांशी देवाणघेवाण करायची असेल तर टीईआयच स्वीकारावी, घरगुती टॅग नकोत.

अडचण सुरू होते ती हस्तलिखितापाशी. पोथीचे पान ओवीच्या मधेच संपते. वाक्य एका ओवीत सुरू होऊन पुढच्या ओवीत पुरे होते. एक्सएमएलमध्ये मात्र आत उघडलेला टॅग बाहेरचा बंद होण्याआधी मिटलाच पाहिजे; दोन टॅग एकमेकांवर अर्धे चढू शकत नाहीत. म्हणून ‘पान’ हा ओव्यांना कवेत घेणारा टॅग करता येत नाही. पान जिथे बदलते तिथे फक्त एक रिकामा टॅग ठेवायचा, त्यावर पानाचा क्रमांक लिहायचा आणि ओवी अखंड राहू द्यायची. ग्रंथाची मुख्य बांधणी कोणती आणि नुसती खूण कोणती, हा निर्णय संपादकाचा आहे. तो प्रोग्रामरवर सोडला की ॲपमध्ये पोथीची पाने नीट उलटतात आणि ओव्या तुटतात.

फाइल वाचण्याचे दोन मार्ग आहेत. एकात सगळी फाइल झाडासारखी स्मृतीत उभी केली जाते. छोट्या फाइलला ते सोयीचे, पण टिपा-पाठभेदांसह मोठा ग्रंथ साध्या फोनवर असा उघडला तर जड जातो. दुसऱ्या मार्गात वाचक-प्रोग्राम सुरुवातीपासून पुढे सरकतो आणि टॅग उघडला, मजकूर आला, टॅग मिटला, अशा घटना एकेक करून हाती येतात. अँड्रॉइडमध्ये एक्सएमएल-पुल-पार्सर त्याच रीतीचा आहे. आयफोनवरचा एक्सएमएल-पार्सरही क्रमाने वाचतो, मात्र तो घटना स्वतःहून कळवत जातो. त्याची एक खोड ठाऊक असावी लागते: एका चरणाचा मजकूर तो कधी दोन-तीन तुकड्यांतही देतो. प्रत्येक तुकडा आधीच्या मजकुराला जोडत जायचे आणि टॅग मिटल्यावरच चरण पूर्ण मानायचा. हे केले नाही तर एखाद्याच ओवीचे पहिले शब्द गळतात आणि चूक सापडता सापडत नाही.

लिहिण्याच्या बाजूला, म्हणजे वाचकाने घातलेल्या खुणा आणि टिपणे साठवताना, अवतरणचिन्हांत तुकडे जोडून एक्सएमएल तयार करू नये. टिपणात कुणी कोनकंस किंवा ‘आणि’साठीचे इंग्रजी चिन्ह टंकले की सगळी फाइल निकामी होते. हे काम सिरिअलायझरकडे, म्हणजे अशी चिन्हे सांभाळून एक्सएमएल लिहिणाऱ्या तयार साधनाकडे, द्यावे. नवी फाइल वेगळ्या नावाने पुरती लिहून मग जुनीच्या जागी ठेवावी, म्हणजे मधेच बॅटरी संपली तरी वाचकाची टिपणे जात नाहीत.

मराठीला खास सोसावा लागणारा त्रास अंकांचा आहे. युनिकोडच्या भाषा-माहितीत मराठीचे नेहमीचे अंक देवनागरी धरले आहेत, आणि ते योग्यच आहे. पण फोनची भाषा मराठी ठेवली की जावा या प्रोग्रामिंग भाषेची मजकूर-मांडणी फाइलमध्येही ओवीचा क्रमांक देवनागरीत लिहिते. जावा तो परत वाचते, आयफोनसाठी वापरली जाणारी स्विफ्ट ही भाषा वाचत नाही, आणि फाइलची रचना तपासणाऱ्या एक्सएमएल स्कीमाचा पूर्णांक-प्रकार इंग्रजी अंकांशिवाय काही मान्य करत नाही. इंग्रजीत ठेवलेल्या फोनवर सगळे सुरळीत चालते, म्हणून कार्यालयात चाचणी करणाऱ्याला दोष दिसत नाही; तो दिसतो गावातल्या वाचकाला. फाइलमधले क्रमांक नेहमी भाषा-निरपेक्ष मांडणीने लिहावेत आणि पडद्यावर देवनागरीत दाखवावेत.

दुसरा त्रास ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतल्या अर्ध्या र चा. तो नुक्त्याच्या ऱ ने लिहिता येतो, तसाच साध्या र नंतर हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह घालूनही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचे ठरावीक सामान्यीकरण हा भेद मिटवत नाही. फाइल घडवतानाच एक रूप पक्के करावे आणि शोधासाठी टंकलेला शब्दही आधी त्याच रूपात आणावा. एरवी ग्रंथात असलेला शब्द ‘सापडला नाही’ असे उत्तर मिळते, आणि अभ्यासकाचा ॲपवरचा विश्वास तिथेच उडतो.

जेसॉन ही आज अधिक रुळलेली मांडणी यादी-तक्त्यांना उत्तम आहे. ओळीच्या मध्ये पाठभेद, पानबदल आणि टीप येणाऱ्या मजकुराला मात्र एक्सएमएलच सरस ठरते.

ॲपची उमर थोडी असते. फोनची प्रणाली बदलत राहते आणि ज्याची देखभाल थांबली ते ॲप काही वर्षांत बाजूला पडते. नीट टॅग घातलेली, यूटीएफ-८ या युनिकोड सांकेतनातली साधी फाइल मात्र पुढच्या कोणत्याही ॲपला वाचता येते. म्हणून ग्रंथाची फाइल आधी पुरी करावी, ती सर्वांना खुली ठेवावी आणि ॲपचे काम मग हाती घ्यावे. श्रीगोंदा तालुक्यातल्या मराठीच्या अध्यापकांनी आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून ‘योगसंग्रामा’च्या पहिल्या प्रसंगापासून या कामाला हात घालावा.