कॅलरीचं गणित आणि घरातलं काम



वजन कमी करायचं म्हटलं की आपण मोबाईलवर ॲप उघडतो. ते वय, उंची, वजन विचारतं आणि दिवसाला किती कॅलरी खायच्या याचा आकडा देतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून त्या आकड्यामागचा हिशेब सांगतो.

त्यासाठी १९९० साली अमेरिकेत मांडलेलं मिफ्लिन-सेंट जिऑर सूत्र खूप वापरलं जातं. किलोतलं वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुष असेल तर ५ मिळवायचे, स्त्री असेल तर १६१ वजा करायचे. समजा, एक बाई ३५ वर्षांची आहे, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६५ किलो. उत्तर येतं सुमारे १२८३. नुसतं पडून राहिलं तरी शरीराला एवढं लागतं.

मग हालचालीचा गुणक येतो. बैठ्या माणसाला १.२, मध्यम कष्टाला १.५५. घोळ इथेच होतो. ॲप विचारतं, "आठवड्यातून किती दिवस व्यायाम?" ती म्हणते, "एकही नाही." झालं, ती बैठी ठरली! १५३९ कॅलरी. त्यातून वजन घटवायला ५०० वजा, उरल्या १०३९. म्हणजे पडून राहायला लागतं त्याहूनही कमी.

पण ती खरंच बैठी आहे का? पाणी भरणं, झाडू-फरशी, कपडे, ओट्यापाशी तासन् तास उभं राहणं, जिने चढणं-उतरणं, हे कोण मोजणार? हे काम मध्यम कष्टाचं धरलं तर गरज १९८८ वर जाते. एका चुकीच्या उत्तराने साधारण साडेचारशे कॅलरींचा, म्हणजे चारेक चपात्यांचा फरक पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटातून आणखी काढताना हे लक्षात असू द्या.

मग करायचं काय? सूत्राचा आकडा हा अंदाज समजा. दोन-तीन आठवडे सकाळी, उपाशीपोटी वजन करा आणि आठवड्याची सरासरी पाहा. आठवड्याला पाव ते अर्धा किलो घटत असेल तर पुरे. घटत नसेल तर आधी तेल मोजा, कारण एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या किंवा मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच हे करावं.

आज घरी गेल्यावर ॲप उघडण्याआधी अम्मीचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कागदावर लिहून काढा. गुणक मग ठरवू.