हजेरीपटावरचा ‘अकुशल’



रोजगार आणि प्रशिक्षणाचे धोरण म्हटले की दिल्ली-मुंबईची कार्यालये डोळ्यांपुढे येतात. आज मात्र मी तुम्हाला गोंदिया जिल्ह्यातल्या एका तलावाच्या पाळीवर नेणार आहे.

उन्हाळ्यात तिथे रोजगार हमीतून गाळ काढणे चालू होते. पाळ कुठे झिरपते हे कसे ओळखता, असे मी एका साठीच्या मजुराला विचारले. त्यांनी पाळीच्या पायथ्याशी गवताचा पट्टा दाखवला. “बाकी गवत वाळलं, इथलंच हिरवं हाये. पाणी आतून येऊन राह्यलं, जी.” हजेरीपट मात्र अकुशल मजुरांचा होता.

या भागात कोहळी समाजाने कित्येक पिढ्यांपूर्वी तलाव बांधले. नवेगाव बांध हा कोलू पाटील कोहळी यांनी बांधवला, असे सांगतात. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा तलाव’ झाले. धानाची रोवणी आजही त्यांच्या पाण्यावर होते. ते राखणारा माणूस अकुशल कसा?

महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. त्याच वाटेने देशाचा कायदा २००५ मध्ये आला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यात गोंदिया होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याऐवजी नवा कायदा संमत केला. हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, पण हमी अकुशल अंगमेहनतीचीच राहिली.

दुसरीकडे कौशल्याचे वेगळे खाते आहे. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. डिसेंबर २०१९ मध्ये रोजगार हमीच्या मजुरांसाठी ‘उन्नती’ प्रकल्प निघाला. शिकताना बुडणाऱ्या मजुरीची भरपाईही त्यात होती. विचार चांगला, पण वयाची अट १८ ते ४५. म्हणजे पाळीवरचे आमचे बुवा बादच!

एक खाते काम देते, त्यात कौशल्य मोजत नाही. दुसरे कौशल्य देते, पण त्यानंतर गावात काम असेलच असे नाही. धोरण नवे करायचे तर ही दोन खाती आधी एकत्र बसली पाहिजेत.

माझे म्हणणे साधे आहे. परीक्षक कामावर यावा आणि जाणकाराची परीक्षा पाळीवरच व्हावी. उत्तीर्ण झालेल्याला कुशल कामाचा दर मिळावा, आणि त्याच्या हाताखाली गावातली चार पोरे मजुरी घेत शिकावीत. मोजणी, उतार काढणे, गेटची दुरुस्ती हे आयटीआयने शिकवावे. वर्ग रोवणी-कापणीच्या दिवसांत ठेवू नयेत, नाहीतर बाकडी रिकामीच राहतील.

त्या बुवांच्या मुलाबद्दल मी विचारले. तो हैदराबादला बांधकामावर गेला होता. पाळ वाचायला वडिलांकडून शिकलाच नाही, कारण त्या विद्येला कोणी दाम दिला नाही. आणखी दहा वर्षांनी ते हिरवे गवत कोणाला कळेल, याची मला काळजी आहे.