भाऊ सापडला की बहीण सापडते

इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातली एखादी साधी बाईसुद्धा आज कागदोपत्री शोधता येते. तिथे १५३८ साली हुकूम निघाला की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. १५९८ मध्ये त्या जुन्या वह्या टिकाऊ चर्मपत्रावर उतरवून घ्यायला सांगितले गेले. त्याला मृत्युपत्रांची आणि कोर्टातल्या दाव्यांची जोड दिली, की ती लेक कोणाची आणि नांदली कुठे, याचा बऱ्याचदा पत्ता लागतो.

मी बारामती एमआयडीसीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या घराण्यांचा इतिहास वाचतो. इथून फलटण तीसएक किलोमीटरवर, इंदापूर पन्नासएक. एलिझाबेथ राणीच्याच काळात या दोन गावांशी नाते असलेल्या एक बाई होऊन गेल्या. त्या शिवाजी महाराजांच्या आजी, मालोजीराजांच्या पत्नी. माहेर फलटणच्या नाईक निंबाळकरांचे. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले, असे 'शिवभारत' सांगते. शहाजीराजे आणि शरीफजी ही त्यांची मुले.

एवढ्या मोठ्या घरातल्या या बाईंचे नाव काय? कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त त्या उमा आहेत. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासात त्या दीपाबाई आहेत. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली रीत पाहता एक नाव माहेरचे आणि एक सासरचे असावे, असे मला वाटते. पण हा अंदाज झाला, पुरावा नव्हे.

असे का व्हावे? आपल्याकडे गावोगाव जन्म-लग्नाची वही नव्हती. कागद झाले ते मुख्यतः वतनापायी. देशमुखीचा, पाटीलकीचा तंटा निघाला की गोत जमे, साक्षी होत आणि महजर लिहिला जाई. वतन बापाकडून मुलाकडे जाई, म्हणून वंशावळही बाप-लेकांचीच. लेक सासरी गेली की तिचे नाव कागदावरून उतरले.

तरी दीपाबाईंचे माहेर कळते, ते डफने त्यांना वणगोजी ऊर्फ जगपाळराव नाईक निंबाळकरांची बहीण म्हटले म्हणून. भाऊ सापडला की बहीण सापडते, ती अशी.

आपल्या घरीही हीच वाट धरावी लागते. पणजीला सासरच्या कागदांत शोधू नका, तिच्या भावाच्या गावी जा. तलाठ्याकडचे जुने फेरफार पाहा. वारसनोंदीत बहिणींची नावे असतात. कधी हक्कसोडपत्र हाती लागते. ज्या कागदाने तिचा वाटा गेला, त्याच कागदावर तिचे नाव उरलेले असते. २००५ च्या कायद्यातील दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तेव्हा ही नावे नुसती हौसेची राहिलेली नाहीत.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, आपल्या राज्याच्या सरकारी कागदांवर, आईचेही नाव लागते. पुढच्यांची सोय झाली. मागच्यांची आपणच करायची आहे. येत्या भाऊबीजेला घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना विचारा : तुमचे माहेरचे नाव काय, गाव कोणते, भाऊ कोण? आणि सांगतील ते लगेच वहीत उतरवून ठेवा.