शाळेची फी कोण भरते?

(क्युपर्टिनो हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील एक शहर आहे. तेथे पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. तेथील सार्वजनिक शाळांत शिकणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी मराठीच्या वर्गाला येणाऱ्या मुलांना उद्देशून हे भाषण लिहिले आहे.)

मुलांनो,

तुम्हांला एक साधा प्रश्न विचारतो. तुम्ही ज्या सार्वजनिक शाळेत जाता, तिची महिन्याची फी किती आहे? आठवून पाहा. तुम्हांला सांगता येणार नाही, कारण अशी फी नसतेच. पण शाळा काही पैशांवाचून चालत नाही. बाईंना पगार द्यावा लागतो. पुस्तके, बाके, दिवे, झाडलोट, साऱ्यालाच खर्च येतो. मग हा पैसा देते कोण?

तुमच्या शेजारी एखादे आजोबा राहत असतील. त्यांची मुले केव्हाच मोठी झाली. तरीही ते दरवर्षी आपल्या घराचा कर भरतात आणि त्या करातला एक वाटा तुमच्या शाळेला मिळतो. लोक राज्याला इतर कर देतात, त्यातूनही शाळेला पैसा येतो. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकेच्या शाळाही अशाच सर्वांच्या पैशांतून चालतात. बाजारात साबणाची वडी विकत घेणारा मजूरसुद्धा कर भरतो. म्हणजे शाळेच्या भिंतीत त्याचीही एक वीट असते.

कोणी म्हणेल, "ज्याचे मूल शाळेत जाते, त्यानेच पैसे भरावेत. इतरांना भुर्दंड कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. आपण त्याचे उत्तर शोधू या.

गावाने वर्गणी काढून विहीर खोदली, तर तिचे पाणी सर्वांना मिळते. शाळाही तशीच आहे. शेजारचे आजोबा आजारी पडले, तर त्यांना औषध देणारी परिचारिका अशाच एखाद्या शाळेत वाचायला शिकलेली असते. औषधाच्या बाटलीवरचे तिला वाचता आले नसते, तर? शिवाय, आजोबा लहान असताना त्यांच्या शाळेचा खर्चही कोणीतरी उचललाच होता. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की कोणत्या घरी जन्मावे हे मुलाच्या हाती नसते. वडिलांचा खिसा रिकामा असला, तर त्याची शिक्षा मुलाला का?

ही गोष्ट पटायला लोकांना फार दिवस लागले. कॅलिफोर्नियात पूर्वी शाळेचा खर्च भागला नाही, की उरलेली रक्कम पालकांकडून घेत. ज्यांच्याजवळ पैसे नसत, त्यांची मुले घरी बसत. जॉन स्वेट नावाचे एक शिक्षक राज्याचे शिक्षणप्रमुख झाले. त्यांनी हा आग्रह धरला, की शाळा सर्वांच्या करातून चालावी. १८६७ पर्यंत त्यांच्या प्रयत्नांना यश आले व शाळा मोफत झाल्या.

आपल्याकडे १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे हेच मांडले. सरकारचा पैसा मुख्यतः शेतकऱ्यांच्या घामातून येतो. मग त्यांच्याच मुलांना शाळा का नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांनी मागणी केली. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी तसे विधेयक मांडले. पण ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. इतका पैसा आणायचा कोठून, हा विरोधकांचा एक आक्षेप होता. मात्र मनात असले, की वाट सापडते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्येच राज्यभर सक्तीचे शिक्षण सुरू केले होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडही ठेवला!

पण मुलांनो, शाळा मोफत झाली एवढ्याने भागत नाही. तिचे दार सर्वांना उघडे हवे. सॅन फ्रान्सिस्को शहर क्युपर्टिनोपासून फार दूर नाही. तेथे मेमी टेप नावाची आठ वर्षांची मुलगी होती. तिचे आई-वडील चीनमधून आलेले. ती चिनी वंशाची म्हणून तिला शाळेत घेतले नाही. तिचे आई-वडील न्यायालयात गेले. मेमीला शिकण्याचा हक्क आहे, असा निकाल १८८५ मध्ये लागला. तरीही शहराने चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढली आणि मेमीला तेथे जावे लागले. कोल्हापूर संस्थानातही अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. १९१९ मध्ये शाहू महाराजांनी त्या बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. सर्वांच्या पैशांची शाळा सर्वांचीच असली पाहिजे, हे त्यांनी कृतीने दाखवले.

१ एप्रिल २०१० पासून भारतात सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला आहे. पण हक्क मिळाला म्हणून काळजी संपत नाही. क्युपर्टिनोत मुले कमी झाली, तेव्हा २०२२ मध्ये काही शाळा बंद कराव्या लागल्या. महाराष्ट्रातही पट कमी झाला, की लहान गावच्या शाळेची चिंता वाटू लागते. शहरात मुलांना दुसरी शाळा जवळ सापडते. डोंगरातल्या वाडीवर मात्र शाळा गेली, तर पायपीट वाढते आणि एखाद्या मुलीचे शिक्षण तेथेच थांबते. म्हणून शाळेचा हिशेब केवळ रुपयांत करू नये.

तुम्ही मोठे व्हाल, कमवू लागाल. तेव्हा कोणी विचारील, "आपले मूल शाळेत नाही, मग आपण कर का द्यायचा?" त्या वेळी शेजारच्या आजोबांना आठवा. ज्यांनी तुम्हांला कधी पाहिलेही नाही, अशा हजारो माणसांनी तुमची फी भरलेली आहे. तुमची पाळी येईल, तेव्हा हात आखडता घेऊ नका.

शब्दार्थ
भुर्दंड – नाहक सोसावा लागणारा खर्च. रास्त – योग्य. विधेयक – कायद्याचा मसुदा. पट – शाळेतील मुलांची संख्या. हात आखडता घेणे – देताना कंजूषपणा करणे.

स्वाध्याय
१. महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे कोणती मागणी केली?
२. मेमी टेपला शाळेत का घेतले नाही?
३. 'शाळा ही गावच्या विहिरीसारखी आहे', असे का म्हटले आहे?
४. तुमच्या शाळेला कशाकशासाठी खर्च येतो, याची गुरुजींना किंवा बाईंना विचारून यादी करा.