मन ओढणारा कोण?

‘डिस्ट्रॅक्ट’ हे क्रियापद मूळचं लॅटिन. अर्थ, ओढून वेगळं करणं. आपला ‘ट्रॅक्टर’ही त्याच धातूचा! आपल्या बोलण्यात लक्ष आपलं आपणच उडतं, मन भरकटतं. इंग्रजीत बहुधा ओढणारा कुणीतरी लागतो. ‘डायव्हर्ट’ जरा मवाळ. त्यात वळवणं आहे, रस्त्याचं तसं मनाचंही. आणि जुन्या वापरात रमवणंही.

या दोन शब्दांपाशी मी नेहमी अडतो. अब्बांचा जनाजा निघाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. खालानं मला परसात कोंबडीची पिल्लं मोजायला बसवलं. अकरा होती. पुन्हा मोज म्हणाली. मोजली.

खालानं मला ओढलं की रमवलं? जनाज्याला हात लावायचा मात्र राहिला.