आधी तुटलेली स्टिक हातात घ्या
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल’. मी त्यांना म्हटलं, आपल्या बॅचमध्ये निम्मे लोक संगणकवाले आहेत, त्यांना त्यांचीच गोष्ट कशाला ऐकवायची? त्यापेक्षा मी आमच्या दुकानाबद्दल बोलते. खडकी बाजारातलं आमचं हॉकीच्या सामानाचं दुकान तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे. काहींनी तिथून उधारीवर शटलकॉकही नेली आहेत. नावं घेत नाही, घाबरू नका.

शाळा सुटल्यावर आणि सुटीत मी त्या दुकानात बसायची. माझं पुढचं शिक्षण इंजिनिअरिंगचं झालं, पण चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. ते मी अप्पांकडे पाहून शिकले. आज नोकरीत रोज तेच उपयोगी पडतं, म्हणून ते तुमच्यासमोर मांडते.

पुण्यातल्या दुकानदारांबद्दल जग काय बोलतं ते आपल्याला माहीत आहे. आमच्या दुकानात मात्र ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी नव्हती. अप्पा म्हणायचे, पाटी लावली की भांडण दारातच सुरू होतं. आणि खडकीत भांडायला माणसं कमी नव्हती. एकीकडे लष्कर, एकीकडे दारूगोळा कारखाना, वस्तीत मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी सगळ्या भाषा, आणि गल्लीगल्लीत हॉकी. धनराज पिल्ले याच खडकीचा. इथल्या लहान पोरालाही स्टिकमधलं कळतं, निदान कळतं असं त्याला वाटतं.

सगळ्यात जास्त तक्रार यायची ती तुटलेल्या स्टिकची. तेव्हा स्टिक लाकडी असायच्या, जालंधर आणि मेरठहून यायच्या. खालचं वळलेलं डोकं तुतीच्या लाकडाचं, दांडा वेताचा, मध्ये रबराच्या पट्ट्या, आणि दोन्हींचा सांधा सरसानं चिकटवून वर दोरा गुंडाळलेला. गिऱ्हाईक यायचं ते दोन तुकडे काउंटरवर आपटतच. “परवा नेली, आज तुटली. पैसे परत द्या!”

अप्पा आधी स्टूल पुढे सरकवायचे. मग दोन्ही तुकडे हातात घेऊन जोडून बघायचे. उलटसुलट करायचे, उजेडात न्यायचे. यात दोन-तीन मिनिटं जायची आणि तेवढ्यात माणसाचा आवाज आपोआप खाली यायचा, कारण त्याची वस्तू कोणीतरी नीट बघत होतं. मग तीन प्रश्न: कधी तुटली, कुठल्या मैदानावर तुटली, कोणता फटका मारताना तुटली? “तुम्ही काय केलंत हिला?” असं त्यांनी कधी विचारलेलं मी ऐकलं नाही. त्या प्रश्नात आरोप असतो, आणि आरोप झाला की माणूस खरं सांगायचं बंद करतो.

स्टिक कशी तुटली हे तुटलेली जागाच सांगते. सांधा सुटून दांडा सरळ बाहेर आला असेल, तर सरस कच्चा होता, म्हणजे दोष मालाचा. अशा वेळी अप्पा घासाघीस न करता नवी स्टिक द्यायचे. डोक्याच्या टाचेशी लाकूड ठेचलं गेलं असेल आणि त्यात खडे रुतलेले असतील, तर ती मुरमाच्या मैदानावर आपटून तुटलेली असायची. आणि कधीकधी गोल बाजूवर चेंडूचे डाग दिसायचे. हॉकीत चेंडू फक्त सपाट बाजूनं खेळायचा असतो, गोल बाजू लागली तर फाऊल. म्हणजे ती स्टिक क्रिकेटची बॅट म्हणून वापरली गेली होती! पण हे अप्पा तोंडानं बोलायचे नाहीत. गिऱ्हाइकाचंच बोट त्या डागांवरून फिरवायचे आणि म्हणायचे, “हे काय असेल बरं?” बहुतेक जण हसून द्यायचे. मग नव्या स्टिकवर थोडी सूट मिळायची, किंवा काम होण्यासारखं असेल तर दोरा-ग्रिप करून जुनीच परत जायची.

माझ्या नोकरीत मला रोज ‘सिस्टिम चालत नाही’ अशी तक्रार येते. त्या वाक्यात माणसाचा राग असतो, माहिती काहीच नसते. मीही आधी तुकडे हातात घेते: कधी बंद पडली, कुठल्या स्क्रीनवर, त्याआधी काय दाबलं होतं? कोडमधला दोष असेल तर तो तिथेच मान्य करते, सबबी सांगत नाही. आणि तो कोडमधला नसेल, तर समोरच्याला तो स्वतःच दिसेल असं करते.

दुसरी गोष्ट नकाराची. एकदा एक हवालदारसाहेब मुलाला घेऊन आले. मुलगा डावखुरा. “डाव्या हाताची स्टिक द्या.” अप्पा म्हणाले, “अशी स्टिक मिळत नाही.” साहेब तापले. हॉकीचं दुकान म्हणवता आणि डावखुऱ्याला स्टिक नाही? सदर बाजारात मिळेल, तिकडे जातो.

आता खरं म्हणजे डावखुरी स्टिक हॉकीच्या नियमातच बसत नाही. सपाट बाजू डावीकडेच हवी. पण नियम सांगून कोणाचं समाधान होतं? अप्पांनी उजव्या-डाव्याचा वाद सोडून दिला आणि त्या मुलाच्या हातात एक स्टिक दिली. “बाळा, डावा हात वर धर, उजवा खाली. आता डाव्या मनगटानं स्टिक फिरव.” मुलानं फिरवली. अप्पा साहेबांना म्हणाले, “बघा, हॉकीत स्टिक फिरवायचं सगळं काम वरच्या हाताचं, म्हणजे डाव्याचं. उजव्या हाताच्या पोरांना ते शिकायला महिने लागतात. तुमच्या पोराला ते आयतं मिळालंय.” साहेब त्या दिवशी स्टिक, पायाचे गार्ड आणि दोन चेंडू घेऊन गेले. तेव्हापासून मी एक लक्षात ठेवलं आहे. नाही म्हणायचं असेल, तर समोरच्याच्या हातात काहीतरी देऊन म्हणावं.

तिसरी गोष्ट जून महिन्यातली. शाळा सुरू झाल्या की आया यायच्या. मुलगा दहा वर्षांचा आणि मागणी मोठ्या माणसाच्या स्टिकची, म्हणजे दोन-तीन वर्षं तरी बघायला नको. बूट एक नंबर मोठा घेतात तसंच. पण मोठ्या स्टिकचं टोक मुलाच्या पोटाला लागतं, मग तो वाकत नाही, ताठ उभा राहून खेळतो आणि ती सवय पुढे सुटत नाही. हे सांगितलं की उत्तर यायचं, “तुम्हाला काय, दरवर्षी नवी खपवायची असेल!”

हे ऐकल्यावर कोणालाही राग येईल. अप्पांना त्यात पैशाची अडचण ऐकू यायची. ते बिलाच्या मागे लिहून द्यायचे की ही लहान स्टिक आखूड पडेल तेव्हा परत आणा, निम्म्या किमतीला घेऊ. परत आलेल्या स्टिकला आई जवसाचं तेल लावायची, अप्पा नवी ग्रिप चढवायचे, आणि ती पुढच्या गरीब पोराला जायची. १९९८ च्या डिसेंबरात बँकॉकच्या एशियाडमध्ये धनराजच्या नेतृत्वाखाली भारतानं ३२ वर्षांनी सोनं जिंकलं, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक चिंटूला ‘धनराजची’ स्टिक हवी होती. त्या हंगामात या बिलामागच्या ओळींनी आमचं दुकान शांत ठेवलं.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की गोड बोललं की सगळं जमतं. तसं नाही. काही वेळा गोड बोलूनही नाहीच म्हणावं लागतं, आणि त्याची किंमत मोजावी लागते.

एका संस्थेचे एक गृहस्थ दरवर्षी आमच्याकडून मोठी खरेदी करायचे. एका वर्षी ते म्हणाले, माल सतरा स्टिकचा द्या, बिल पंचवीसचं करा. अप्पांनी चहा मागवला. उपदेश केला नाही, आवाज चढवला नाही. इतकंच म्हणाले, “साहेब, जेवढ्या स्टिक तेवढं बिल. बाकी काहीही सांगा, करतो.” गृहस्थ चहा पिऊन गेले. ऑर्डर गेली आणि पुढच्या वर्षीही आली नाही. हिशेब आई लिहायची, त्यामुळे त्या दिवाळीत घरात काय काय आलं नाही हे मला पक्कं माहीत आहे. आईनं अप्पांना त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. वहीत त्या संस्थेच्या पानावर तिनं फक्त ‘बंद’ असं लिहिलं.

दुसरा नकार गोलकीपरच्या हेल्मेटचा. वस्तीतल्या एका मंडळाची पोरं आली. पॅड घेतले आणि पैसे संपले. कोपऱ्यात एक तडा गेलेलं हेल्मेट पडलं होतं, ते स्वस्तात मागू लागली. अप्पा म्हणाले, हे विकायचं नाही. हॉकीचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा, दगडासारखा कडक. तडा गेलेलं हेल्मेट घालणं हे काही न घालण्यापेक्षा वाईट, कारण पोरगा त्याच्या भरवशावर चेंडूसमोर जातो. पोरांबरोबर आलेला मोठा भाऊ खूप बोलला. लुटारू म्हणाला, गरिबांचे वैरी म्हणाला. अप्पांनी ऐकून घेतलं. मग करवत घेऊन त्यांनी त्याच्यासमोर त्या हेल्मेटचे पट्टे कापले आणि ते कचऱ्यात टाकलं. नवं हेल्मेट काढून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, “हे न्या. आठवड्याला दहा रुपये.” हप्ते बरेच आले, शेवटचे काही आलेच नाहीत. अप्पांनी वहीत रेघ मारून टाकली.

या दोन नकारांवरून मला एवढं कळलं की पैशात, वेळेत, मानापमानात अप्पा कितीही मागे सरायचे. खोटं लिहिणं आणि कोणाच्या डोक्याला धोका, या दोन गोष्टींत मात्र तसूभरही नाही. आणखी एक नियम होता. दुकानातल्या कामाच्या पोरावर कोणी ओरडलं, तर अप्पा मध्ये उभे राहायचे. “मला बोला, त्याला नाही.” आज माझ्या टीममधल्या नव्या मुलीवर फोनवर कोणी क्लायंट ओरडतो, तेव्हा मी तेच करते. फक्त ते इंग्रजीतून बोलते.

आता दुकान धाकटा भाऊ चालवतो. माल बदलला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम मैदानावर गेली. आता आपल्याकडची पोरंही पिंपरीत नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर खेळायला जातात. लाकूड मागे पडून फायबर आणि कार्बनच्या स्टिक आल्या. गिऱ्हाईकही मोबाईलवर सगळं वाचून येतं. नऊ वर्षांच्या मुलासाठी नव्वद टक्के कार्बनचीच स्टिक हवी म्हणतं. जास्त कार्बन म्हणजे स्टिक कडक, नवशिक्याचा चेंडू तिच्यावर थांबतच नाही, उडून जातो. भाऊ वाद घालत नाही. दुकानासमोर दोन स्टिक आणि एक चेंडू देतो आणि म्हणतो, दोन्हींनी चेंडू अडवून बघ.

काही जण दुकानात बूट घालून बघतात, माप पक्कं करतात आणि तिथेच उभं राहून ऑनलाइन मागवतात. भाऊ टोमणा मारत नाही. तीच माणसं महिन्याभरानं ग्रिप बदलायला येतात, तेव्हा तो ग्रिपचे आणि मजुरीचे पैसे चोख घेतो. टोमणा मारला असता तर ती ग्रिपही दुसरीकडे गेली असती.

सर, बाई, हे बोलताना एक गोष्ट सारखी मनात येते आहे. तुमची सगळ्यात कठीण गिऱ्हाइकं आम्हीच होतो, आणि आमच्यापेक्षा कठीण आमचे पालक! निकालाच्या दिवशी स्टाफरूमच्या दारात ते कसे यायचे हे आम्ही लपून पाहिलेलं आहे. तुम्ही पेपर काढायचात, समोर ठेवायचात आणि मार्क कुठे गेले ते बोट ठेवून दाखवायचात. तेव्हा आम्हाला फक्त भीती वाटायची. आज कळतं की अप्पा त्या तुटलेल्या स्टिकचं जे करायचे, तेच तुम्हीही करत होतात.

दुकान अजून तिथेच आहे. कधी खडकीला आलात तर जरूर डोकवा. अप्पा संध्याकाळी थोडा वेळ येऊन बसतात. तक्रार घेऊन आलात तर त्यांना जास्त आनंद होईल. शटलकॉकची उधारी मात्र आईच्या वहीत अजून आहे, तेवढी बघा.